हवेत सोडायचा नाही

१४ जानेवारी

भाऊजी,

नमस्कार घालणार नाही आणि खुशालीही विचारणार नाही. मासळीच्या ट्रकचा ड्रायव्हर म्हणाला, तो कुठे आहे ते मी सांगणार नाही, पण चिठ्ठी दिलीत तर पोचवीन. फोन तर तुम्ही फेकूनच दिलात. म्हणून लिहितेय.

तुमचे दादा गेले. तुम्ही पळालात तेव्हा हे जिवंत होते. त्यानंतरही बरेच दिवस जिवंत होते, तेच वाईट झालं. बंदराच्या यार्डात फ्रिजच्या कंटेनरचं मशीन दुरुस्तीला आलं होतं, नेहमीचं काम. ह्यांनी कॉम्प्रेसरचा बोल्ट सैल केला, एवढंच. मी मागे पाइपला जोड मारायचं सामान मांडत होते. आवाज कानाला लागलाच नाही, छातीवर बसला. झाकण उडून ह्यांच्या जबड्यातून गेलं आणि मागच्या पत्र्यात रुतलं. मग आग. पाणी मारलं तर ती आणखी भडकली. मी माझा कामाचा कोट ह्यांच्यावर टाकून दाबला. कोट उचलला तेव्हा त्याला चिकटून कातडी आली.

दवाखान्यात बोलता येत नव्हतं, बोलायला काही उरलंच नव्हतं. बोट हलवून हवेत अक्षरं काढायचे. मी मान हलवत राहिले. एकही अक्षर मला वाचता आलं नाही, भाऊजी.

इथवर लिहून वाचून बघितलं, तर अजून तुम्हाला अहो-जाहो करतेय. सवय. लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही शाळेत होता, तरी सासूबाईंनी सांगितलं म्हणून तुम्ही-आम्ही केलं. आता बास झालं. ऐक मेल्या.

ओझोन कार्यालयातल्या बाई घरी आल्या होत्या. गॅसच्या कराराचं सरकारी काम त्या बघतात, ह्यांची गॅस हाताळायच्या सर्टिफिकेटची परीक्षाही त्यांनीच घेतली होती. त्या म्हणाल्या, सिलिंडरवर नव्या गॅसचा शिक्का आहे आणि आत भेसळ आहे. त्या भेसळीतला एक गॅस ॲल्युमिनियम खातो, आणि त्यातून असलं काही तयार होतं की हवा लागताच पेटतं. मशीन बंद असो की चालू, मिटलेलं आहे तोवर गप्प असतं. उघडणारा मरतो. सिलिंडर त्या चोरटा गॅस विकणाऱ्या टकल्याच्या गोदामातलं आहे. टकल्याकडून ते आणलं कोणी, हे मला सांगायला बाई कशाला हव्यात?

मागच्या उन्हाळ्यात टकल्याचं एक सिलिंडर दुकानात सापडलं, तेव्हा ह्यांनी तुला रबरी नळीने फोडून काढलं होतं. मी मध्ये पडले तर माझाही ओठ फाटला. तू रडत म्हणालास, दादा, पुन्हा आणणार नाही. तुला नवा गॅस आणायला पाठवलं, विश्वासाने पाठवलं, आणि तू पुन्हा त्याच्याच दारात गेलास.

मला तुझी माफी नको. एकच सांग. तो गॅस तू आणखी कुठल्या मशिनांत भरलास? ती मशिनं कुठेतरी गुपचूप चालू आहेत, आणि कोणीतरी कधीतरी त्यांचा बोल्ट सैल करणार आहे. ह्याच ड्रायव्हरकडे उत्तर दे.

वहिनी


२३ जानेवारी

दोन ओळी? सख्खा भाऊ गेल्यावर दोन ओळी? 'मला माहीत नव्हतं वहिनी, मी स्वस्त म्हणून आणला.' काखा वर करून मोकळा झालास. मी विचारलं काय आणि तू लिहितोस काय.

उजव्या हाताने लिहितेय, तोच धड आहे. परवा टकल्याची माणसं दुकानात आली होती. भर दुपारी, शटर उघडं असताना. एक जाड्या आणि एक त्याच्या मागे सिगारेट ओढणारा. समोरच्या हार्डवेअरवाल्याने त्यांना बघितलं आणि स्वतःचं शटर ओढून घेतलं. वर्षानुवर्षं आपल्याकडे चहा प्यायलाय तो.

जाड्याने आधी भिंतीवरचं ह्यांचं सर्टिफिकेट काढून वाचलं. तेच, जे ह्यांनी लग्नाच्या फोटोच्या वर लावलं होतं आणि मी त्यावरून आठवडाभर अबोला धरला होता. वाचून म्हणाला, "हाच का तो आभाळाचा जावई?" यार्डात ह्यांना असंच म्हणतात, तुला ठाऊक आहे. मी म्हटलं, हो, आणि मी त्याची बायको, काम काय ते बोल. मग त्याने विचारलं, तुझा दीर कुठे आहे. म्हटलं, ठाऊक नाही. कार्यालयातल्या बाईला काय काय सांगितलंस? म्हटलं, सगळं.

त्यांनी माझा डावा हात बाकावरच्या शिकंज्यात घातला आणि दांडा फिरवला. पाइप धरायचा शिकंजा आहे तो, बोटांना काय दाद देणार. दोन बोटं फुटल्याचा आवाज मला नीट ऐकू आला. मी ओरडले, खोटं कशाला सांगू. पण बाकाच्या कडेला मोठा पाना होता आणि माझा उजवा हात मोकळा होता, हे त्या दोघांच्या लक्षातच आलं नाही. बायकांना दोन हात असतात याची ह्या लोकांना कल्पना नसते. पहिल्या फटक्यात जाड्याचा कान अर्धा लोंबायला लागला. दुसरा फटका त्याच्या गुडघ्यावर बसला. तो खाली पडला तरी मी मारत होते. एक हात शिकंज्यात आणि दुसऱ्याने मारतेय, हे बाहेरून कसं दिसलं असेल कोण जाणे. सिगारेटवाला त्याला फरफटत घेऊन गेला.

मला वाईट वाटलं नाही. बरं वाटलं. इतके दिवस घास घशाखाली उतरत नव्हता, त्या संध्याकाळी मी पोटभर जेवले. सासूबाईंनी भरवलं, कारण डावा हात प्लॅस्टरमध्ये आणि मारून मारून उजवाही उचलवत नव्हता. त्या म्हणाल्या, "त्याला लिहितेस ना, तर जेवत जा म्हणून लिही." मी लिहिणार नव्हते, पण त्यांना शब्द दिला म्हणून लिहिलं.

आता तुला लपवण्यात माझा काही फायदा नाही, बोटं तुझ्यापायी गेली. मशिनं सांग. नाहीतर टकल्याला मीच तुझ्या ड्रायव्हरचा ट्रक दाखवते.

वहिनी


२ फेब्रुवारी

मशिनांची यादी पोचली. दोन मशिनं. एक ज्याने तुझ्या भावाला खाल्लं ते, आणि दुसरं यार्डाच्या मागच्या रांगेत निळ्या दाराचं. बाईंनी तज्ज्ञ माणसं आणली. त्यांनी निळ्या दाराचा कंटेनर मोकळ्या मैदानात नेला, सगळ्यांना लांब केलं, आणि लांबूनच मशीन फोडलं. धूर आणि ज्वाळा अशा उठल्या की क्रेनवरचा माणूस घाबरून खाली उतरला. त्यात कोणाचा हात असता तर, एवढंच डोक्यात येत होतं. मी तिथेच वाळूत बसून रडले. बाईंनी पाण्याची बाटली दिली आणि म्हणाल्या, झालं, सुटलो.

सुटलो कसले. काल तिसरं मशीन फुटलं.

लंबूच्या हातात फुटलं. तोच लंबू, जो तुला खांद्यावर बसवून जहाजं दाखवायचा. हात राहिले, डोळे गेले, दोन्ही. त्याची बायको दवाखान्याच्या व्हरांड्यात माझ्या अंगावर धावून आली, माझे केस धरले आणि डोकं भिंतीवर आपटलं. मी हात उचलला नाही. तिचं बरोबर आहे. माझ्या घरातल्या माणसाने केलंय हे.

दोनच म्हणालास ना तू? खोटं बोलताना जीभ झडली नाही तुझी? कोणाला वाचवतोयस अजून, टकल्याला? तुझ्या भावाला मारलंस ते अडाणीपणाने, असं मी स्वतःला समजावत होते. लंबूला तू जाणूनबुजून आंधळं केलंस. तिसरं लपवलंस, म्हणजे चौथंही असेल, पाचवंही असेल.

तू समोर असतास तर त्या शिकंज्यात तुझं डोकं घातलं असतं. लिहायचं म्हणून लिहीत नाही. मी दांडा फिरवला असता.

खरं सांग. शेवटचं विचारतेय.


९ फेब्रुवारी

भाऊजी,

तुमचं पत्र मिळालं. एवढं मोठं पत्र तुम्ही आयुष्यात पहिल्यांदाच लिहिलं असेल. दादांची शपथ घेऊन सांगता की दोनच मशिनं भरली. बरं, दोनच असतील. आता त्यावर वाद नको.

तुम्ही सीमेपलीकडे मासळीच्या गोदामात आहात हे कळलं. भंगारातले तीन फ्रिजचे कंटेनर उभे करून मालकाने त्यात मासळी ठेवलीय आणि तुम्ही त्यांच्याच मागच्या खोलीत झोपता, हेही कळलं. डोक्यावर छप्पर आहे, काम आहे, ठीक आहे.

मधल्या कंटेनरचं मशीन गार करत नाही म्हणता. त्याच्या पाइपवर दादांच्या हातचा जोड दिसला आणि त्यावर हात ठेवून बराच वेळ बसलात, असं लिहिलंत. वाचून मलाही भरून आलं. मालक शनिवारी ते उघडायला सांगतोय तर उघडा. काम तुम्हाला येतं. दादांच्या हातचं मशीन आहे, घाबरायचं काय त्यात.

सासूबाई बऱ्या आहेत. माझा हात सुधारतोय.

तुमची,
वहिनी


१० फेब्रुवारी

मशीन उघडू नकोस.

आधी हे वाच, मग बाकीचं. मधल्या कंटेनरचं मशीन उघडू नकोस, बोल्टला हात लावू नकोस, नळी सैल करू नकोस. त्याची वीज काढ आणि दुसऱ्या कोणालाही त्याच्याजवळ जाऊ देऊ नकोस. त्यात तोच गॅस आहे.

याच पाकिटात कालचं पत्रही घातलंय. 'भाऊजी' म्हणून सुरू होतं ते. ते पोचलं असतं तर तू शनिवारी मेला असतास, आणि ते मला ठाऊक असताना मी लिहिलंय. वाच आणि जवळ ठेव. मी काय करणार होते ते तुला कळलं पाहिजे.

आता ते मशीन तसं कसं झालं ते सांगते. तू खरं बोलत होतास. दोनच भरलीस. बाकीची ह्यांनी भरली.

नोव्हेंबरात निळ्या दाराच्या मशीनचा व्हॉल्व्ह गळत होता. तू कुठे गावाला गेला होतास. हे आणि मी गेलो. दुसरा कोणीही काय करतो ते तुला ठाऊक आहे. नळी सैल करतो, आहे तो गॅस हवेत सोडून देतो, जोड मारतो, नवा भरतो आणि चहाला जातो. सगळं यार्ड तेच करतं. ह्यांनी कधी केलं नाही. हवेत सोडायचा नाही, पंपाने ओढून टाकीत घ्यायचा, गाळायचा आणि पुन्हा वापरायचा, हा नियम, आणि नियम म्हणजे नियम. जगातल्या एकूण एक देशांनी सही केलेला करार आहे, आपण काय आभाळापेक्षा मोठे आहोत का, असं म्हणायचे. लोक हसायचे. मीही हसायचे, आणि मनात अभिमान वाटायचा.

तर तुझा तो विषारी गॅस ह्यांनी नेमाने काढून आपल्या टाकीत घेतला. तो भरून फार दिवस झाले नव्हते, ॲल्युमिनियम खायला त्याला वेळच मिळाला नव्हता, म्हणून तेव्हा काही पेटलं नाही. टाकीत आधीचा चांगला गॅस होता, त्यात तो मिसळला. गाळून त्यातलं तेल आणि पाणी जातं, दुसरा गॅस कसा जाणार. मग त्याच टाकीतून आधी निळ्या दाराच्या मशिनात आणि पुढे हिवाळाभर एकेका मशिनात थोडा थोडा भरला. लंबूच्या हातात फुटलं ते त्यातलंच. तुझ्या गोदामातला मधला कंटेनरही त्यातलाच, विकायच्या आधी आपणच तयार करून दिला होता. ह्यांनी त्या दिवशी इतरांसारखा गॅस हवेत सोडला असता, तर तो तिथेच संपला असता. एकदा, फक्त एकदा कायदा मोडला असता तर लंबूला आज दिसत असतं. राग येतोय. कोणावर रागवायचं तेच कळत नाही.

आणि तो जोड ह्यांच्या हातचा नाही. माझा आहे. तुला जोड मारायला मी शिकवलं, आणि तुला माझा जोड ओळखता येऊ नये? त्या मशीनचा जोड मी मारला, टाकी मी धरली, ह्यांनी व्हॉल्व्ह उघडला. तू त्यावर हात ठेवून बसलास म्हणून लिहिलंस, तिथेच मला सगळं लख्ख कळलं, आपला जोड म्हणजे आपल्याच टाकीतला गॅस. निळं दार, टाकी, लंबू, एकामागून एक.

कळल्यावर मी काय केलं? टाकीवर पोतं टाकलं. बाईंना सांगायचं म्हणजे ह्यांचं नाव अहवालात जाणार, टकल्याच्या नावाच्या शेजारी. जन्मभर नाकासमोर चाललेला माणूस. मग तुझ्याकडे वळले. वाटलं, ह्यांना ज्याने मारलं तो त्याच गॅसने जाऊ दे. मला कुठे शिकंजा लागतो की पाना लागतो, गोड बोलून चार ओळी लिहायच्या. पत्र ड्रायव्हरला दिलं आणि घरी आले. सासूबाईंनी विचारलं, "काय लिहिलंस त्याला?" म्हटलं, काम कर म्हणून लिहिलं. त्या म्हणाल्या, "बरं केलंस. तुझं ऐकतो तो."

ऐकतोस ना तू माझं. तेच डोक्यात घुमत राहिलं. लहानपणापासून कोणाचं ऐकलं नाहीस, माझं तेवढं ऐकलंस. मी उघड म्हटलं म्हणून तू उघडलं असतंस. आणि तूच लिहिलंयस की मासळी साफ करणाऱ्या बायका दुपारी त्याच मशीनच्या आडोशाला सावलीत बसतात, तुला हाक मारून भाकरी देतात. त्यांनी माझं काय वाकडं केलंय?

सकाळी डिझेलपंपावर ट्रक गाठला आणि ड्रायव्हरच्या खिशात हात घालून पत्र काढून घेतलं. त्याला वाटलं माझं डोकं फिरलंय, तरी नव्या पत्रासाठी संध्याकाळपर्यंत थांबायला तयार झाला. तिथून तडक बाईंकडे गेले आणि टाकीचं सगळं सांगितलं. ह्यांचं नाव सांगितलं, माझंही सांगितलं. बाईंनी सगळं लिहून घेतलं. नंतर म्हणाल्या, "नियम आम्हीच शिकवला त्यांना. टाकीत घ्यायच्या आधी गॅस तपासायचं यंत्र मात्र दिलं नाही." त्यांनी लगेच टाकीला सील ठोकलं आणि आपल्या हातची यार्डातली सगळी मशिनं बंद करायला लावली.

तुझं मशीन तेवढं राहिलं. ते सीमेपलीकडे आहे. बाईंच्या कार्यालयाने वर कळवायचं, वरून तिकडच्या सरकारला जायचं, तिकडून खाली यायचं. करारावर दोन्हीकडच्या सह्या आहेत, तरी कागदाला आठवडा लागेल म्हणाल्या. टकल्याचं सिलिंडर एका रात्रीत पलीकडे जातं. गोदामाच्या मालकाला फोन लावणार होते, तर बाईंनी हात धरला. तो टकल्याचंच गिऱ्हाईक आहे. त्याला कळलं की सरकार येतंय, तर पहिलं काम हेच करेल, कोणाला तरी पाना देऊन सांगेल, गॅस सोडून दे हवेत. आणि मग त्या बायकांचं काय होईल ते मी डोळ्यांनी बघितलंय.

म्हणून हे पत्र, आणि म्हणून तू. तिकडे हे ठाऊक असलेला दुसरा माणूसच नाही.

तुला फसवणार नाही, कालच्यासारखं तर नाहीच. कागद झाले की मी बाईंबरोबर तिकडे येतेय, आणि आमच्याबरोबर पोलिस असतील. ते तुला नेतील. टकल्याचं नाव तुला सांगावं लागेल, आणि तुरुंगातही त्याची माणसं असतात, हे मला कळतं. तुला पळायचं असेल तर आजच पळता येईल, मी अडवू शकत नाही. पण तू पळालास की मालक शनिवारी दुसऱ्या कोणाला तरी त्या मशीनसमोर बसवेल. तो बिचारा बोल्ट सैल करेल, एवढंच.

तेव्हा पळू नकोस. मधल्या कंटेनरच्या मशीनसमोर खाट टाकून बस. बायकांना दुसरीकडे बसायला सांग, काहीही कारण दे, साप निघाला म्हण. मालक शिव्या देईल, देऊ दे. माणसं आणेल, तुला मारतील. तू मार खाण्यात नवा नाहीस. हाडं मोडली तर बसतात, माझी बोटंही बसतायत वाकडीतिकडी. कोणी पाना घेऊन आलाच आणि ऐकेना, तर तू हाण त्याला. माझी परवानगी आहे. डोकं सोडून कुठेही हाण.

मी येईन तेव्हा तू तिथे दिसलास, तर बाईंच्या आणि पोलिसांच्या देखत तुझ्या कानाखाली वाजवणार आहे, उजव्या हाताने. आणि नुसतं जळकं मशीन दिसलं, तर तुला गोळा करायला मी खाली वाकणार नाही. ह्यांचं केलंय मी ते सगळं, कोटात गुंडाळून. तुझं नाही जमायचं मला. तिथून हलू नकोस.

वहिनी